हिपॅटायटिस ए: जगाच्या नकाशात भारताला कोणता रंग द्यायचा?

रेघोट्या
मंडळी, एका आरोग्य प्रदर्शनासाठी जगाचे नकाशे करायचं काम घेतलंय. मलेरिया झाला, टीबी झाला. हिपॅटायटिस ए वर, म्हणजे दूषित पाण्या-अन्नातून होणाऱ्या काविळीवर, गाडी अडली आहे.

प्रवाशांसाठी छापतात ते नकाशे बघितले. भारत आणि जवळपास सगळा आफ्रिका गडद, अमेरिका-युरोप फिकट. म्हणजे गडद तिथे धोका, असं कुणीही समजेल. पण आकडे काढायला बसलो तर भलतंच दिसतंय. अगदी गडद देशांत या आजाराच्या साथी फारशा नाहीत, आणि मधल्या रंगाच्या देशांत हजारोंनी लोक आजारी पडतायत. मग रंग नक्की कशाला द्यायचा? आणि लडाखपासून कन्याकुमारीपर्यंत एकच रंग फासायचा का?

डॉक्टर, आकडेमोडवाले, पाणीवाले, सगळ्यांनी बोला. 'आम्ही लहानपणी ओढ्याचं पाणी प्यायलो, काही झालं नाही' छापाचे प्रतिसादही हवेत, ते इथे खरोखर विषयाला धरून आहेत.

भोचक
आम्ही लहानपणी ओढ्याचं पाणी प्यायलो, काही झालं नाही.
(बोहनी केली.)

खोडरबर
भोचकराव, तुम्ही गमतीत म्हणालात, पण तुम्हाला बहुतेक हिपॅटायटिस ए होऊन गेलेला आहे. फक्त कळला नाही.

मी पीएसएमवाला (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) डॉक्टर, म्हणजे इंजेक्शन न देणारा. थोडक्यात सांगतो. हा विषाणू विष्ठेतून पाण्यात-अन्नात आणि तिथून तोंडात जातो. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला लागण झाली तर दहातल्या सातांना काहीच होत नाही. झालं तर जरा ताप, जरा उलटी, आई म्हणते 'बाधलं काहीतरी'. तीच लागण तिशीत झाली तर बहुतेकांचे डोळे पिवळे होतात, महिनाभर अंथरूण, आणि थोड्यांचं यकृत पार निकामी होतं. एकदा होऊन गेला की जन्मभर पुन्हा नाही. बी आणि सी सारखा शरीरात ठाणही मांडत नाही.

आता नकाशाकडे या. जिथे पाणी सगळ्यात घाण, तिथे दहा वर्षांच्या आत जवळपास सगळ्या पोरांना होऊन जातो, मोठं होईस्तोवर गाव सुरक्षित. जिथे नळ आले, संडास झाले, पण मैलापाण्याची लाइन आणि पिण्याची लाइन अजून शेजारी-शेजारी आहेत, तिथे पोरं न होता मोठी होतात आणि विषाणू मात्र गावात असतोच. तो मग कॉलेजच्या मेसमध्ये आणि लग्नाच्या जेवणात गाठतो. म्हणून स्वच्छता सुधारत जाताना मधल्या टप्प्यात आजार *वाढतो*. जागतिक आरोग्य संघटनेच्या चार पायऱ्या आहेत. दहाव्या वर्षापर्यंत ९० टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडी, म्हणजे शरीर विषाणूला ओळखत असल्याची खूण) असली तर 'उच्च'. तेवढी नाहीत, पण पंधराव्यापर्यंत निम्म्यांत आहेत, तर 'मध्यम'. पंधराव्यापर्यंत निम्मीही नाहीत, पण तिशीपर्यंत निम्म्यांत आहेत, तर 'कमी'. तिशीपर्यंतही निम्मी नाहीत तर 'अत्यल्प'. तुमच्या नकाशातले रंग साधारण याच पायऱ्यांचे आहेत. ते लागणीचे रंग आहेत, आजाराचे नाहीत.

सोलकढी
म्हणजे फिकट होत जाणं ही वाईट बातमी?? डोकं गरगरलं.

खोडरबर
सोलकढी, वाईट नाही हो. पूर्ण फिकट होईपर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा आहे, इतकंच. आणि खड्डे टाळायला लस आहे.

जर्सीची_काकू
आमच्याकडे अमेरिकेत दर डिसेंबरला हा वाद. भारतात निघालं की इथली बालरोगतज्ज्ञ म्हणते हिपॅटायटिस ए चा डोस घ्या, आणि पुण्याहून सासूबाई फोनवर म्हणतात, 'अगं आपल्याच घरी येतोय ना, काय जंगलात जातोय?' दोघी आपापल्या जागी बरोबर असणार, आता लक्षात येतंय. सासूबाईंना होऊन गेलाय. माझी इथे जन्मलेली नात कोरी पाटी आहे. आजी ज्या ग्लासातून पाणी पिते त्याच ग्लासातलं नातीला चालेलच असं नाही.

रेघोट्या
काकू, हे फार उपयोगाचं. म्हणजे प्रवाशाचा नकाशा वेगळा आणि तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याचा वेगळा. प्रवाशाला 'विषाणू किती फिरतोय' हे हवं. अधिकाऱ्याला 'माझ्याकडे न झालेले मोठे किती' हे हवं. एकाच रंगात दोन्ही कोंबलं की गोंधळ.

हान_नदीकाठी
सोलहून. मधल्या टप्प्याचं उदाहरण हवं असेल तर कोरिया घ्या. इथले साठीचे लोक युद्धानंतरच्या गरिबीत वाढले, त्यांना लहानपणीच होऊन गेला. तिशी-चाळिशीतले स्वच्छ घरांत वाढले आणि लसीच्या कार्यक्रमाआधी जन्मले. २००९ ला मोठी साथ आली, २०१९ ला त्याहून मोठी, एका वर्षात १७ हजारांवर रुग्ण, बहुतेक याच वयाचे. २०१९ ला शोध घेत घेत जोगेजॉतपाशी पोचले. मिठात मुरवलेले कच्चे शिंपले, हॉटेलात जेवणाबरोबर फुकट वाटीभर येतात. आमच्या ऑफिसच्या कँटीनमधून ती वाटी एका रात्रीत गायब झाली.

२००९ चा नकाशा काढला असतात तर कोरियाला छान फिकट रंग आला असता.

मालवणी_मसाला
शिंपल्यांवरून आठवलं, शांघाय १९८८. जानेवारी ते मार्च, सुमारे तीन लाख लोक आजारी. चिडोंगच्या किनाऱ्यावरून आलेले शिंपले, मैल्याने दूषित पाण्यातले, आणि शांघायची पद्धत म्हणजे उकळतं पाणी ओतायचं आणि अर्धकच्चे खायचे. शिंपला दिवसभर पाणी गाळत बसतो, त्यामुळे पाण्यातला विषाणू त्याच्यात साठत जातो.
आमच्याकडे तिसऱ्या (आमचे कोकणातले शिंपले) चांगल्या शिजवतात हो. उगाच घाबरून ताट सरकवू नका.

भोचक
मसाला, तुमच्या तिसऱ्यांना कुणी नावं ठेवली नाहीत, शांत व्हा.

टीसीएल_भाऊ
मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्याचं काम बघतो. जगाचं माहीत नाही, पण जोखमीचा नकाशा आम्ही दर वर्षी करतो, फक्त त्याला नकाशा म्हणत नाही. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक स्रोताचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. विहिरीला कठडा आहे का, बाजूला उकिरडा आहे का, पाइपलाइनला गळती आहे का, व्हॉल्व्ह गटारात बुडालाय का, टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) शिल्लक आहे का. त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड. सलग पाच वर्षं हिरवं आणि साथ नाही, तर चंदेरी.

त्यात खरी मेख टीसीएलची. पावडरमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन पाहिजे. पोत्याचं तोंड उघडं राहिलं, वर दमट खोली, की दोन महिन्यांत नुसता चुना उरतो. कागदावर 'शुद्धीकरण झाले', पाण्यात काही नाही. म्हणून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ही चाचणी) टाकीपाशी करायची नसते, शेवटच्या टोकाच्या नळाला करायची. नळीत पाणी घ्या, ओटीचे थेंब टाका, पिवळं झालं तर क्लोरीन पोचला. नाही झालं तर त्या वाडीत कावीळ कधी येईल तेवढंच विचारायचं. आमच्याकडे टोकाची वाडी चढावर आहे, तिथे दाब कमी, पाणी सोडून बंद केलं की पाइप बाहेरचं पाणी आत ओढतो. गटार शेजारी असेल तर संपलंच.

रेघोट्या, तुमचा रंग देशाला असतो, आमचा कधी कधी एका गल्लीला असतो.

चकली_भाजणी
भाऊ, प्रतिसाद वाचनखुणेत टाकला.

अर्धा_पाव
आकडेमोडवाला बोलतो. टीसीएल भाऊंचा मुद्दा नकाशाच्या मुळावर घाव घालणारा आहे. देशाचा आकडा येतो कुठून? कुणीतरी एका शहरातल्या शाळेतली पोरं नाहीतर इस्पितळात आलेले लोक घेतो, रक्तात प्रतिपिंडं तपासतो, आणि ती टक्केवारी अख्ख्या देशाच्या नावावर जाते. कॅथरीन जेकबसन आणि स्टीव्हन वीर्स्मा यांनी असे जगभरचे अभ्यास गोळा करून २०१० मध्ये १९९० आणि २००५ साठी प्रदेशवार अंदाज काढले. काम उत्तम आहे. पण कच्चा माल जिथे नाही तिथे शेजारच्या देशांवरून भरावं लागतं.

रंगासाठी मला एकच माप पटतं: लोकसंख्येतल्या निम्म्या जणांत ज्या वयाला प्रतिपिंडं सापडतात ते वय. गरीब भागात ते पाचाच्या आसपास, श्रीमंत भागात तिशी केव्हाच ओलांडलेलं. ही कल्पनाही जेकबसन आणि मंडळींनीच मांडली आहे. टक्केवारीपेक्षा बरं, कारण दोन अभ्यासांतले वयोगट वेगळे असले तरी तुलना होते.

खोडरबर
अर्धा पाव, माप देखणं आहे, पण लसीने त्याचा बोऱ्या वाजतो. नेहमीची प्रतिपिंड चाचणी लसीचं आणि लागणीचं वेगळं दाखवत नाही. अमेरिकेत २००६ मध्ये सगळ्या मुलांना लसीची शिफारस झाली. तिथली पोरं लसीने सुरक्षित, आजोबा जुन्या लागणीने सुरक्षित, मधे भोक. 'निम्म्यांचं वय' काढायला गेलात तर काय उत्तर येईल? आलेख वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो.

अर्धा_पाव
मान्य, लस देणाऱ्या देशांत ते चालत नाही. तिथे वेगळी खूण, तिरक्या रेघा वगैरे. पण म्हणून जिथे लस नाही तिथे का सोडायचं? भारतात सरकारी लसीकरणात ही लस नाहीच. बालरोगतज्ज्ञांची संघटना शिफारस करते, म्हणजे ज्याच्या खिशाला परवडते त्याच्याच पोराला मिळते.

सोलकढी
त्या अमेरिकेतल्या मधल्या भोकाचं पुढे काय झालं?

जर्सीची_काकू
मी सांगते, २०१७ ला बातम्या रोज येत होत्या. सॅन डिएगोमध्ये रस्त्यावर राहणाऱ्या बेघर लोकांत साथ आली. सहाशेच्या जवळपास रुग्ण, वीस मृत्यू. मोठी माणसं, त्यांतली बरीच आधीच आजारी यकृताची. सार्वजनिक संडास पुरेसे नव्हते. मग पालिकेने फुटपाथ ब्लीचच्या पाण्याने धुतले, हात धुवायची मोरी चौकाचौकात बसवली. ते लोण पुढे केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया असं अनेक राज्यांत गेलं. ना शिंपले, ना नळ. माणसाकडून माणसाला.

रेघोट्या
आणि अमेरिकेचा रंग: सगळ्यात फिकट. देशाच्या सरासरीत एक बेघर माणूस दिसत नाही. हे टिपण नकाशाखाली जाणार.

आयुर्वेदप्रेमी_नाना
एवढी चर्चा झाली पण उपचारावर कुणी बोलेना. आमच्या गावी काविळीची माळ घालतात. डोक्यावर ठेवली की रोज वाढत वाढत पायापर्यंत उतरते आणि कावीळ जाते. शेकडो लोक बरे झालेले मी डोळ्यांनी पाहिलेत. तुमच्या इस्पितळात नुसतं सलाइन.

खोडरबर
नाना, बरे झाले हे खरंच आहे. या काविळीवर औषध नाही, आणि शंभरातले नव्याण्णव आपोआप काही आठवड्यांत बरे होतात. माळ कशीही वाढली तरी तेवढ्या दिवसांत वाढतेच. म्हणून उतरवणाऱ्याचं नाव होतं. प्रश्न उरलेल्या एकाचा. तो गुंगल्यासारखा बोलायला लागला, उलट्या थांबेनात, तर माळ पायापर्यंत यायची वाट बघू नका, मोठ्या इस्पितळात न्या. आणि गर्भारशी बाई असेल तर पहिल्या दिवशीच, कारण तिला हिपॅटायटिस ई (असाच पाण्यातून येणारा, पण वेगळा विषाणू) असला तर जिवावर बेततं.

आयुर्वेदप्रेमी_नाना
इस्पितळात न्यायला मी कधी नको म्हटलं? माळ घालून न्या.

भोचक
तोडगा निघाला.

टीसीएल_भाऊ
डॉक्टरांनी ई काढलाच आहे तर सांगतो. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली ती ई ची होती. लोकांच्या तोंडी फक्त 'कावीळ'. आमच्या रजिस्टरलाही कावीळच. ए का ई हे रक्त पुण्याला एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) गेल्यावर कळतं. छोट्या साथीचं रक्त कोण पाठवतो?

खोडरबर
भाऊंनी नेमकं बोट ठेवलं. दिल्लीची १९५५-५६ ची साथ पाठ्यपुस्तकात आहे. पुरात नजफगड नाल्याचं पाणी उलटं फिरलं आणि यमुनेतून शहराचं पाणी उचलतात तिथपर्यंत पोचलं. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ. वर्षानुवर्षं सगळे तिला आजच्या हिपॅटायटिस ए च्या खात्यात धरत होते. ए चा विषाणू दिसलाच १९७३ मध्ये, फाइनस्टोन, कपिकियन आणि पर्सेल यांना, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. पुढे दिल्लीच्या साथीतलं जपून ठेवलेलं रक्त तपासलं तेव्हा कळलं, ती ए नव्हतीच. आज ती ई ची साथ म्हणून ओळखतात.

रेघोट्या, म्हणून भारतासाठी जुन्या काविळीच्या साथी मोजून ए चा नकाशा काढू नका. आपल्याकडे मोठ्या माणसांच्या पाण्याच्या साथी बहुतेक ई च्या निघत, कारण ए लहानपणीच होऊन गेलेला असे. ते चित्र आता बदलतंय. एनआयव्हीच्या विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी पुण्यात १९८२ ते १९९८ या काळातले नमुने ताडून पाहिले. शहरी वरच्या थरातल्या मुलांत ए ची प्रतिपिंडं घटत गेली, गरीब वस्तीत आणि खेड्यात मात्र पोरांना होऊनच जात होता. एकाच जिल्ह्यात दोन देश.

कोची_कोकणी
'बदलतंय' याचा अर्थ बघायचा तर केरळात या. मी कोचीत नोकरीला. २०२४ ला एर्नाकुलम जिल्ह्यात वेंगूर पंचायतीत पिण्याच्या पाण्यातून ए ची साथ आली, त्याच वर्षी मलप्पुरमलाही. मृत्यूही झाले, तरणीताठी माणसं. इथे शिक्षण आहे, घरटी संडास आहे, पोरं स्वच्छ वाढतात. पण घरटी विहीरही आहे आणि परसात सेप्टिक टँकही. जागा टिचभर, पाऊस धो धो, दोघांत अंतर काय राहणार? मुलाच्या कॉलेजात तेव्हा लग्नातल्या 'वेलकम ड्रिंक'वर सगळ्यांची नजर होती, कारण बर्फ आणि पाणी न उकळलेलं. आता आमच्याकडे कोमट जिऱ्याचं पाणीच.

तेव्हा केरळ आणि बिहार एका रंगात रंगवलेत तर दोघांवरही अन्याय.

चकली_भाजणी
उकळण्याचं नेमकं काय? आमच्याकडे 'गरम झालं की बास' म्हणतात.

खोडरबर
८५ अंशांवर एक मिनिट पुरतं, पण घरात थर्मामीटर कोण लावतो? खळखळून उकळी आली म्हणजे काम झालं. फ्रीजमधला बर्फ काही मारत नाही, उलट विषाणू गोठून छान टिकतो. इटलीत २०१३ ला साथ आली ती गोठवलेल्या बेरींमधून.

सोलकढी
आणि लागण झालेला माणूस किती दिवस दुसऱ्याला देतो? आमच्या खानावळीच्या मावशींना कावीळ झाली, सगळे घाबरलेत.

खोडरबर
डोळे पिवळे होण्याच्या *आधीचे* दोन आठवडे सगळ्यात वाईट, नंतर साधारण आठवडाभर. म्हणजे मावशी पिवळ्या दिसायला लागल्या तेव्हा बहुतेक देऊन झालं होतं. त्यांच्यावर राग काढू नका. लागण ते आजार सरासरी चार आठवडे, कमाल पन्नास दिवस. तुमच्यापैकी ज्यांनी लस घेतलेली नाही त्यांनी लगेच डॉक्टरांना विचारा, संपर्कानंतर दोन आठवड्यांत लस दिली तर फायदा होतो. आणि मावशींची चाचणी ए का ई हे बघून घ्या.

सोलकढी
धन्यवाद डॉक्टर. आजच जातो. मावशींना सुट्टीचे पैसे द्यायचे असं मेसवर ठरलंय, नाहीतर त्या चार दिवसांत परत पोळ्या लाटायला येतील.

अर्धा_पाव
मूळ प्रश्नाकडे वळूया? लस सगळ्यांना द्यावी का हे ठरवायलाच तर नकाशा हवा. अर्जेंटिनाने २००५ पासून एक वर्षाच्या मुलांना एकच डोस सुरू केला. आधी तिथे या विषाणूने यकृत निकामी झालेली मुलं प्रत्यारोपणाच्या यादीत असायची, ती यादी पुसली गेली. तो देश तेव्हा 'मध्यम' पायरीवर होता. 'उच्च' पायरीवर एवढा फायदा नसता दिसला. भारतात कुठला जिल्हा कुठल्या पायरीवर हे कळल्याशिवाय सरकार पैसे कुठे घालणार?

टीसीएल_भाऊ
लस द्या, पण व्हॉल्व्ह गटारातून वर काढा आधी. लस ए ला. गटारातून ई येतो, गॅस्ट्रो येतो, टायफॉइड येतो.

खोडरबर
भाऊ, 'आधी' नको, 'बरोबरीने' म्हणा. पाइपलाइन बदलायला वीस वर्षं लागतात, तोवर कोचीतली पोरं कॉलेजात जातात.

टीसीएल_भाऊ
आमच्याकडे 'बरोबरीने' म्हटलं की ज्याचं टेंडर आधी निघतं तेच होतं. मी 'आधी'च म्हणणार.

रेघोट्या
ठरवलं ते सांगतो. एकाऐवजी दोन नकाशे शेजारी-शेजारी. पहिला प्रवाशासाठी: विषाणू किती फिरतो. दुसरा अधिकाऱ्यासाठी: तिशीच्या आतल्या न झालेल्यांचं प्रमाण. भारत पहिल्यात गडद, दुसऱ्यात एक रंग न देता ठिपके, जिथे रक्ततपासणीचे अभ्यास झाले फक्त तिथे. पुणे, दिल्ली, केरळ असे ठिपके, प्रत्येकावर अभ्यासाचं वर्ष, म्हणजे १९९८ चा आकडा आजचा समजून कुणी फसणार नाही. बाकी जागा कोरी. कोरी म्हणजे धोका नाही असं वाचू नये म्हणून राखाडी. लस देणारे देश तिरक्या रेघांनी.

आयोजकांना ठिपक्यांचा भारत आवडलेला नाही, 'रिकामा दिसतो' म्हणाले. मी म्हटलं, रिकामाच आहे.

जर्सीची_काकू
पहिल्या नकाशाखाली मराठीतही दोन ओळी टाक रे बाबा, 'परदेशात वाढलेली नातवंडं आजोळी येण्याआधी लस'. सहा महिने ते वर्षाच्या बाळालाही प्रवासाआधी एक डोस देतात इथे, तो नेहमीच्या डोसांत धरत नाहीत. हे आमच्या ओळखीतल्या निम्म्यांना माहीत नाही.

रेघोट्या
टाकतो काकू. फक्त या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'हिपॅटायटिस' लिहिलं की 'ॅ' उडून शेजारच्या देशावर जाऊन बसतो. कुणाला कुठला फाँट चालतो माहीत आहे का?

अर्धा_पाव
आधी फाइल एसव्हीजीमध्ये काढ, अक्षरं बाहेर टाक. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.